दुपारची वीज संध्याकाळपर्यंत कशी न्यायची?

एका विद्यार्थ्याचा प्रश्न आला आहे: "सर, मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी शेती आहे. आमच्या फीडरला, म्हणजे शेतीला वीज आणणाऱ्या लाइनला, सौर प्रकल्प जोडलाय, त्यामुळे आता पंपाला दिवसा वीज मिळते. सौर वीज एवढी स्वस्त झाली असताना कोळसा अजून का जाळतात? बॅटरी, हायड्रोजन, छोट्या अणुभट्ट्या यातलं कोणतं तंत्रज्ञान विजेचं भविष्य ठरवणार? आणि मी काय शिकावं?"

मी एकतीस वर्षं वीज पारेषणात काढली. त्यातली बारा वर्षं लोड डिस्पॅचच्या, म्हणजे विजेची मागणी आणि निर्मिती यांचा मेळ घालणाऱ्या केंद्राच्या, कंट्रोल रूममध्ये, शिफ्ट ड्युटीवर. तिथे समोरच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला किती आवर्तनं होतात ते, दिसत असते. ४९.९८, ५०.०१, ४९.९६ असे आकडे दर काही सेकंदांनी हलत असतात. ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ती राहिली पाहिजे, असा ग्रिडच्या, म्हणजे देशभर जोडलेल्या वीजतारांच्या जाळ्याच्या, नियमावलीचा दंडक आहे. आकडा खाली सरकला की देशात कुठेतरी मागणी जास्त झाली आणि निर्मिती कमी पडली. वर सरकला की उलट. विजेला गोदाम नाही. तू घरात बटण दाबतोस त्याच क्षणी कुठल्या तरी टर्बाइनवर तेवढा भार वाढतो. बारा वर्षं तो आकडा पाहिल्यावर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर एका वाक्यात मावतं: वीज तयार करणं आता सोपं झालंय, ती हव्या त्या वेळेला हजर करणं हे यापुढचं खरं काम आहे. बाकीचं सगळं मी त्याच मापाने तोलतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा परिस्थिती अगदी वेगळी होती. वीजच नव्हती. भारनियमनाचं वेळापत्रक गावोगावी फळ्यावर लिहिलेलं असायचं आणि आम्ही फोनवरून फीडर बंद करायला सांगत बसायचो. त्या काळी अभियंत्याची धडपड एकच होती, आणखी चार मेगावॉट कुठून मिळतील. आज दुपारी एक वाजता त्याच खुर्चीत बसलेला माझा कनिष्ठ सहकारी जास्तीच्या विजेचं काय करू या विवंचनेत असतो, आणि संध्याकाळी सात वाजता तोच माणूस कुठूनही वीज द्या म्हणून फोन फिरवतो. बाजारातही हेच दिसतं. वीज एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून सौदे होतात. उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी दुपारी भाव पार तळाला जातो आणि त्याच संध्याकाळी तो युनिटमागे दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकलेला असू शकतो. वस्तू तीच, तारा त्याच, मध्ये फक्त सहा तास गेलेले.

सौर वीज स्वस्त झाली हे तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. २०१० च्या अखेरीस राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात सरासरी दर युनिटला १२ रुपयांच्या थोडा वर होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे तो २.४४ रुपये झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १.९९ रुपये. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला कुणी असं सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. जानेवारी २०२५ मध्ये देशातली सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटला पोचली, तोवर कधी न पाहिलेला आकडा. तरी तो भार निभावला, कारण तो दिवसा आला आणि डोक्यावर ऊन होतं.

मग कोळसा का? सूर्य मावळताना काय होतं ते बघ. दुपार कलली की सौर निर्मिती उतरू लागते आणि सातपर्यंत शून्य होते. नेमक्या त्याच वेळात घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर, एसी सुरू होतात. म्हणजे एकीकडून आधार काढून घेतला जातो आणि दुसरीकडून ओझं चढतं. दिवसभराच्या मागणीतून सौर वीज वजा करून आलेख काढला की मधे खोलगट पोट आणि शेवटी उंच मान असा आकार येतो. कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांनी त्याला डक कर्व्ह म्हटलं, म्हणजे बदकाची आकृती. आपल्याकडेही ती मान दर वर्षी उंच होत चालली आहे.

ती मान चढायला दोन तासांत जो भरवशाने उठेल तो संच, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, लागतो. कोळशाचा थंड पडलेला संच पेटवून पूर्ण भारावर यायला अर्धा दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. बॉयलरच्या नळ्या आणि टर्बाइनचा रोटर हळूहळूच तापवावा लागतो, घाई केली तर धातूला तडे जातात. त्यामुळे संध्याकाळी हवा असेल तर तो दुपारीही चालू ठेवावाच लागतो, अगदी कमी भारावर का होईना. पूर्वी ५५ टक्क्यांच्या खाली तो न्यायचा नाही असा शिरस्ता होता. २०२३ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नियम केले की टप्प्याटप्प्याने संच ४० टक्क्यांपर्यंत खाली आणता आले पाहिजेत. ऐकायला हे साधं वाटतं. पण ज्या बॉयलरची रचना अहोरात्र एका लयीत जळण्यासाठी केली होती, त्याला रोज खाली-वर करायला लावणं म्हणजे हायवेच्या ट्रकला बाजारपेठेतल्या गर्दीत पळवण्यासारखं आहे. ज्वाला अस्थिर होते, नळ्या फुटतात, देखभाल वाढते. औष्णिक केंद्रातले माझे मित्र हे रोज झेलतात आणि त्यांचं श्रेय त्यांना फारसं कुणी देत नाही.

आता तुझ्या शेताकडे येतो, कारण माझ्या मते राज्यातला सगळ्यात मोठा बदल तिथे घडतोय आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते.

महाराष्ट्रात ४५ लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत. वर्षानुवर्षं त्यांना आळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास थ्री-फेज मिळत आली. रात्रीची पाळी का होती, माहीत आहे? कोळशाचे संच रात्री बंद करता येत नव्हते, गावं-शहरं झोपलेली असायची, म्हणून उरलेली वीज शेतीकडे वळवली जायची. ग्रिडच्या सोयीसाठी शेतकरी जागायचा. पौषातल्या थंडीत, हातात बॅटरी घेऊन, उसात बिबट्या आहे हे ठाऊक असताना बारे देणाऱ्या माणसांची काय अवस्था होते हे जुन्नर-आंबेगावकडच्या कुणालाही विचार. माझ्या मामांना अशाच एका रात्री पाणी धरताना साप चावला होता. ते वाचले, पण पुढे कधी एकटे रात्री शेतात गेले नाहीत. कंट्रोल रूममध्ये रात्रीच्या शेती-भाराचा आकडा लॉगबुकात लिहिताना मला ते हटकून आठवायचे.

सौर निर्मितीने हे गणितच उलटं केलं. आता उरलेली वीज दुपारी असते. मग पंप दुपारी चालवले तर शेतकऱ्याची झोप वाचते आणि ग्रिडलाही उठाव मिळतो. २०१७ साली सुरू झालेली आणि २०२३ पासून मोठ्या प्रमाणावर वाढवलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच तत्त्वावर उभी आहे. गावाजवळच्या ३३/११ केव्ही उपकेंद्राला, म्हणजे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवणाऱ्या केंद्राला, लागून काही मेगावॉटचा प्रकल्प, त्याची वीज थेट ११ केव्हीवर, तिथून शेतीच्या फीडरला. लांबून वीज आणण्यातली गळती वाचते. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. पडीक, मुरमाड रान असलेल्यांसाठी ही रक्कम लहान नाही.

यात नवं तंत्रज्ञान कुठलं, असं तुला वाटेल. पॅनेल तर आहेतच. पण पंपांचं फीडर गावठाणापासून वेगळं करणं, त्यावर मीटर बसवणं, पॅनेलच्या डीसी विजेचं एसी करणारा इन्व्हर्टर ११ केव्हीशी नीट जुळवणं ही न दिसणारी कामं आधी झाली, म्हणून हे जमलं. राज्यातली सगळ्यात मोठी बॅटरी कोणती विचारशील तर मी विहिरी आणि शेततळी म्हणेन. दुपारी पाणी वर उपसून ठेवलं आणि ते ठिबकने हवं तेव्हा सोडलं, तर वीज साठवल्यासारखंच झालं, तेही लिथियमचा एक ग्रॅम न वापरता.

दोन गोष्टी मात्र मला खटकतात आणि त्या बोलल्या पाहिजेत. पहिली भूजलाची. दिवसा आठ तास, तेही जवळपास फुकट वीज असली की मोटार बंद करायला कुणी उठत नाही. ज्या तालुक्यांत बोअर आधीच सहाशे-सातशे फुटांवर गेलेत, तिथे सौर पंपासोबत ठिबक सक्तीचं हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरी देखभालीची. ऊस पट्ट्यात गाळप हंगामात कारखान्याच्या चिमणीची राख पॅनेलवर बसते. दवाने ती ओली होते, उन्हाने वाळते आणि काजळीचा थर चिकटून बसतो. आठवडाभर धुतलं नाही तर निर्मिती डोळ्यांदेखत घसरते. प्रकल्प उभा करायला पैसे मिळतात, पुढची पंचवीस वर्षं धुवायला, गवत काढायला, तुटलेली कुंपणं सांधायला कोण आहे हे विचारायची सवय आपल्याला लागली नाही.

आता छपरावरच्या सौरविषयी, कारण यातला धडा मी स्वतःच्या इमारतीत शिकलो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉट किंवा जास्तला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान. आमच्या गल्लीत वर्षभरात सात-आठ छपरांवर पॅनेल चढले. एक किलोवॉटला दिवसाला साधारण चार युनिट धरतात, तसे सुरुवातीला सगळ्यांना मिळत होते. मग मार्चमध्ये शेजारच्या काकूंची तक्रार आली की ऐन दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो, ढग आले की चालू होतो. बसवणाऱ्याने दोनदा इन्व्हर्टर बदलून दिला, फरक शून्य. मी एका रविवारी मीटर घेऊन बसलो. सकाळी नऊला २३४ व्होल्ट, साडेअकराला २४६, बाराला २५४ आणि खट्! इन्व्हर्टर बंद. मिनिटाभरात २४५, पुन्हा चालू, पुन्हा बंद.

इन्व्हर्टर निर्दोष होता. दुपारी गल्लीतली माणसं कामावर, घरात वापर नाही, त्यामुळे सगळी छपरं एकाच वेळी वीज ट्रान्सफॉर्मरकडे ढकलत होती. केबल लांब आणि बारीक. प्रवाह उलट्या दिशेने जायला लागला की केबलच्या शेवटच्या टोकाचं व्होल्टेज चढतं, आणि ठरलेल्या मर्यादेला इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला ग्रिडपासून सुटतो. शंभर वर्षं आपण तारा अशा गृहीतकावर ओढल्या की वीज वरून खाली येते आणि टोकाला व्होल्टेज पडतं. आता तीच तार उलटी वापरतोय. उपाय साधे होते: ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे बाहेर पडणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय, एका पायरीने खाली, शेवटच्या टप्प्याची केबल जाड, आणि इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये व्होल्टेज चढलं की रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता तारांत ये-जा करणारी, पण व्होल्टेज चढवणारी-उतरवणारी वीज) शोषून घेण्याची सोय चालू करणं. ती सोय आधुनिक इन्व्हर्टरमध्ये असते, कुणी चालूच करत नाही. हे सगळं व्हायला चार महिने आणि पुष्कळ अर्ज लागले. आज काकूंचं बिल फक्त स्थिर आकारापुरतं येतं.

उरलेली वीज दुपारी वापरूनही शिल्लक राहतेच, ती साठवायची. इथे आपल्या सह्याद्रीसारखी देणगी क्वचित कुणाला मिळाली असेल. एक हिशोब करून बघ. गच्चीवरची हजार लिटरची टाकी घे. ते पाणी चारशे मीटर उंचीवरून पाइपातून खाली सोडलं आणि टर्बाइन फिरवली तर किती वीज मिळेल? वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची, आणि ३६ लाख ज्यूलने, म्हणजे एका युनिटने, भागायचं. साधारण एक युनिट. पूर्ण टाकी चारशे मीटर पडली तर एक युनिट! म्हणून पाणी प्रचंड लागतं आणि कडा उंच लागतो. कोकणकड्याच्या बाजूला पाचशे-सातशे मीटरची सरळ उतरंड आहे, वर पठार, खाली दरी. खोपोलीला १९१५ मध्ये मुंबईसाठी वीज तयार होऊ लागली ती याच उतरंडीच्या जोरावर.

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातलं घाटघर मी दोनदा पाहिलं आहे. वरचं धरण भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, खालचं शहापूर तालुक्यात, मधे चारशे मीटरहून थोडा जास्त फरक, आणि डोंगराच्या पोटात १२५ मेगावॉटचे दोन संच. एकच यंत्र दोन्हीकडे चालतं, एका दिशेला फिरलं की पंप आणि उलट फिरलं की टर्बाइन. मूळ योजना होती ती रात्रीच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं. सौर विजेमुळे आता दुपारी चढवणं जास्त फायद्याचं. वर चढवायला शंभर युनिट खर्चले तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. रायगडातल्या भिरा इथेही १५० मेगावॉटचा असा संच आहे. पुढच्या काळासाठी भिवपुरी आणि शिरवटा यांसारख्या मोठ्या प्रकल्पांचे करार झाले आहेत. मला ते हवेत. पण घाटमाथ्यावरचं जंगल आणि तिथल्या वाड्या-पाड्यांवरची माणसं यांना विश्वासात घेऊनच. कोयनेच्या विस्थापितांचे प्रश्न साठ वर्षांनंतरही पुरते मिटलेले नाहीत, हे विसरून पुढचं धरण बांधू नये.

पाण्याची खरी किंमत मला ५ एप्रिल २०२० च्या रात्री कळली. लॉकडाऊनमध्ये रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे मालवायचं आवाहन होतं. मी ड्युटीवर होतो. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने कोसळली आणि लगेच परत चढली. आमचा अंदाज त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. कोळसा एवढ्या वेगाने वाकत नाही. देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी खाली येऊन, पुन्हा वर चढून ते सांभाळलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी खोलीत कुणीच काही बोलत नव्हतं. फ्रिक्वेन्सी ठिकाणावर आल्यावर आमच्या वरिष्ठांनी पहिल्यांदा चहा मागवला.

लिथियम बॅटरी हे काम पाण्याहूनही वेगाने करते, सेकंदाच्या अंशात. २०१७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हॉर्न्सडेल इथे १०० मेगावॉटची बॅटरी बसली तेव्हा आम्ही कंट्रोल रूममध्ये तिचे आलेख छापून पाहिले होते, इतकं नवल वाटलं होतं. २०१० मध्ये बॅटरी पॅकची किंमत किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये ती ११५ डॉलरच्या आसपास आली. आपल्याकडे २०२२ मध्ये मोठ्या बॅटरीचं भाडं मेगावॉटमागे महिन्याला जवळपास ११ लाख रुपये निघालं होतं. २०२५ च्या लिलावांत ते अडीच लाखांच्याही खाली आलं. अटी थोड्या वेगळ्या आहेत, सरकारी मदतही आहे, तरी घसरण खरी आहे. माझ्या मते येत्या काही वर्षांत संध्याकाळचे पहिले दोन ते चार तास बॅटरी उचलेल, आणि ती मोठ्या केंद्रात असण्यापेक्षा तुझ्या गावच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रात असेल तर जास्त उपयोगी पडेल. सौर प्रकल्प तिथेच आहे, मागणीही तिथेच आहे.

मर्यादा ऐकून ठेव. बॅटरी पावसाळ्याचे आठ ढगाळ दिवस पार करून देऊ शकत नाही. विदर्भातल्या ४५ अंशांत ती थंड ठेवायला तिचीच काही वीज खर्च होते. तिची क्षमता दरवर्षी थोडी झिजते. आगीचा धोका आहे, म्हणून कंटेनरमधलं अंतर, वायू ओळखणारे सेन्सर आणि स्थानिक अग्निशमन दलाचं प्रशिक्षण यात कंजुषी चालत नाही.

अजून एक विषय आहे, तो परीक्षेत कमी येतो पण उद्या तुझ्या नोकरीत रोज येईल. कोळशाच्या, पाण्याच्या, अणुकेंद्राच्या संचात अनेक टन वजनाचा रोटर फिरत असतो. कुठे अचानक बिघाड झाला तर त्या फिरण्यातला जोर काही क्षण ग्रिडला सावरून धरतो. पॅनेल आणि बॅटरीत फिरणारं काहीच नाही, फक्त इलेक्ट्रॉनिक्स. २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल काही सेकंदांत अंधारात गेले. तपासात पुढे आलं ते मुख्यतः व्होल्टेज आवरता न आल्याचं, चढलेल्या व्होल्टेजने एकामागून एक केंद्रं सुटत गेली. आमच्या काकूंच्या इन्व्हर्टरचीच गोष्ट, दोन देशांएवढी मोठी. सौर वीज वाईट असा त्याचा अर्थ काढणारे चुकतात. जुन्या संचांकडून आपसूक मिळणाऱ्या सेवा नव्या यंत्रांकडून मागून, नियमात लिहून घ्याव्या लागतात, हा त्याचा अर्थ. ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर (स्वतःच व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारा) आणि सिंक्रोनस कंडेन्सर (वीज न बनवता फिरत राहून ग्रिडला आधार देणारं यंत्र) हे शब्द लक्षात ठेव.

हायड्रोजनबद्दल थोडक्यात. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नास-पंचावन्न युनिट लागतात. त्यापासून परत वीज केली तर पंधरा ते वीस युनिट हातात येतात. रोजच्या साठवणुकीसाठी हा तोट्याचा धंदा आहे. खत, पोलाद, तेल शुद्धीकरण यांना हायड्रोजन लागतोच, तिथे तो जरूर हरित, म्हणजे सौर-पवन विजेवर काढलेला, असावा. २०२३ च्या जानेवारीत मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचा खरा उपयोग तिथेच आहे. अणुवीज मला हवी आहे. तारापूर १९६९ पासून वीज देतंय आणि ढगाळ आठवड्यात तिची किंमत कळते. पण छोट्या अणुभट्ट्या तू नोकरीत स्थिर होईपर्यंत फार तर मोजक्या उभ्या राहतील. त्यांच्यावर पुढच्या दहा वर्षांचं नियोजन करता येत नाही.

म्हणून कोळशाबद्दल माझं प्रामाणिक उत्तर हे: जून २०२५ मध्ये देशाची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-वायू सोडून इतर, झाली, पण त्याआधीच्या २०२४-२५ या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष विजेतला ७० टक्क्यांहून जास्त वाटा कोळशाचाच होता. क्षमता आणि वीज यांत गल्लत करणाऱ्या बातम्यांपासून सावध राहा. कोळसा एकदम जाणार नाही. तो आधी दुपार सोडेल, मग बॅटरी वाढतील तशी संध्याकाळ सोडेल, आणि शेवटी पावसाळ्यातल्या अडचणीच्या दिवसांपुरता उभा राहील. चंद्रपूरच्या हवेसाठी हे जितक्या लवकर होईल तितकं बरं. तिथल्या कामगारांना पुढचं काम काय, याचं उत्तर मात्र आजच तयार व्हायला हवं.

दरांचीही मदत होणार आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान वीस टक्के कमी ठेवायचा आहे. स्मार्ट मीटरवर लोकांचा राग आहे, त्यातला बराचसा विश्वासाच्या अभावातून आलाय आणि तो समजण्यासारखा आहे. पण वेळेनुसार दर मोजणारा मीटरच नसेल तर दुपारी गिझर लावणाऱ्याला, कामाच्या ठिकाणी गाडी चार्ज करणाऱ्याला फायदा देणार कसा?

आता तू काय शिकावं. पॅनेल बसवायला दोन महिन्यांत येतं, तिथे थांबू नकोस. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स मनापासून शिक. इन्व्हर्टरच्या मॅन्युअलमधलं प्रत्येक सेटिंग का आहे हे विचारत जा. रिले आणि प्रोटेक्शनची, म्हणजे बिघाड ओळखून लाइन तोडणाऱ्या यंत्रणेची, माणसं आजही कमी आहेत, उद्या दुप्पट लागतील. थोडं पायथॉन येऊ दे. उद्या किती ढग येतील आणि त्याने माझं फीडर किती हलेल, हा अंदाज बांधणाऱ्याला मोठी किंमत आहे.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. पूर्वी उपकेंद्रातून फीडर बंद केलं की लाइन मेली असं धरून माणसं पोलवर चढायची. आता प्रत्येक छपरावर, प्रत्येक शेतात वीज तयार करणारं यंत्र आहे. इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर आपोआप सुटायला हवा, बहुतेक सुटतोच. पण कुणीतरी परस्पर चेंजओव्हर (ग्रिड आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाऊ न देणारा स्विच) न लावता जनरेटर जोडलेला असतो. मी अशा एका अपघातानंतर पंचनाम्याला उभा राहिलो आहे. पोरगा तेवीस वर्षांचा होता. टेस्टर लावल्याशिवाय आणि दोन्ही बाजूंनी अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, साहेब ओरडला तरी नाही.

या आठवड्यात एक कर. एक साधा मल्टिमीटर घे. रोज सकाळी सात, दुपारी बारा, दुपारी तीन आणि संध्याकाळी साडेसातला घरातल्या एकाच प्लगचं व्होल्टेज वहीत लिही. शेजारी ऊन की ढग, आणि त्या वेळी पंप चालू होते की बंद, तेही लिही. पंधरा दिवसांनी त्याचा आलेख काढ आणि मला पाठव. तुझ्या गावच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप कुठे असायला हवा ते आपण त्यावरून काढू.